रजेच्या जागेवर

२० जून, लाटंबार्से
लागली गो बाई एकदाची नोकरी! डिचोलीच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. तिथल्या समीक्षाबाई आजारपणाच्या रजेवर, त्यांच्या जागेवर मी, दिवाळीपर्यंत. कंत्राटी तर कंत्राटी! पीएचडी करून तासांवर राबताना जीव विटला होता. इथे खोली छान, मागे काजूचं भाट, बागच म्हणा, सकाळी दारात पाववाल्या पोदेराचे गरम उंडे. घरमालकीण शेवंतीमावशी जिवाला जीव देणारी. कंत्राटाचं ऐकून हळहळली आणि लगेच भाट राखणाऱ्या देवापुढे, राखणदारापुढे, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, ह्या चेडवाची नोकरी राख म्हणून. मला हसू आलं, पण हात जोडून तिच्यामागून म्हटलं, व्हय म्हाराजा.

४ ऑक्टोबर
समीक्षाबाईंची रजा वाढली. माझी ऑर्डर मार्चपर्यंत! स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मग लाज वाटली. कुणाच्या दुखण्याचे पेढे हे?

१२ नोव्हेंबर
पेडण्याला बाईंना भेटून आले. वाळून काडी झाल्यात. रिपोर्ट सगळे नीट, डॉक्टरांनाच काही कळत नाही. नवरा चहा करायला आत गेला तशा हळूच म्हणाल्या, कॉलेजला निघाले की उंबऱ्यावर एक म्हातारा उभा असतो. खांद्यावर कांबळं. काठी आडवी धरतो, आणि माझा पायच उचलत नाही.
मावशीला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, राखणदारच गो तो! राखतो म्हणजे राखतोच. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं त्यानेच ते मागे घ्यायचं, दुसऱ्याचं चालत नाही.
उद्याच घेते.

२० जानेवारी
नाही घेतलं. रोज ठरवते, रोज राहतं. पस्तिशी उलटली, आता कुठे दारं ठोठावू?
बाई उठतही नाहीत म्हणे. त्या गेल्या तर जागेची जाहिरात निघणार, आणि जाहिरातीत मला कोण विचारतंय! म्हणजे त्या मरायला नकोत — बऱ्याही व्हायला —
शी! काय लिहितेय मी.

३ मार्च
त्यांच्या लेकीचा फोन. आई झोपेत सारखं तुमचं नाव घेते, का हो?
मी फोन ठेवला. खूप रडले.

२८ मार्च
परवा ऑर्डर संपते. आज गेलेच भाटात. भर दुपारी. वाटभर घोकत — बाईंना सोड, बाईंना सोड —
नारळ ठेवला. तोंड उघडलं —
आणखी एक वर्ष, म्हटलं. मी! माझ्याच तोंडाने!
भाटात चिटपाखरू नव्हतं. तरी मागून, अगदी कानाशी, घोगरं — व्हय म्हाराजा!