गुरुवारची नावं

४ सप्टेंबर १९८६, गुरुवार
आली एकदाची. शहरातून, स्टॉर्नोवेहून, इतिहास मंडळाची मुलगी — बेहाग. वही, पेन्सिल, नकाशा. आमच्या या स्कॉटिश बेटावरच्या खडकांची, ओढ्यांची जुनी गेलिक नावं सांगणारं कुणी उरलं नाही म्हणे. मी आणि टेकडीखालचा टॉर्मड सोडून. टॉर्मडचं नाव निघताच मी चहा ओतायला उठलो. जळणासाठी कापायची दलदलीतली माती, पीट, कुणाच्या हद्दीतलं, यावरून बावीस वर्षं आमचं बोलणं नाही.

सात नावं दिली. जुन्या नकाशावर इंग्रज साहेबांनी कानावर पडलं तसं लिहून ठेवलंय. बेहाग ते खोडून आमचं खरं लिहिते. एकेका नावात निम्मी अक्षरं मुकी! मला कुठे ठाऊक होतं? शाळेत आमची भाषा लिहायला कुणी शिकवलीच नाही, बोललो तर छडी.

जाताना म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येऊ ना, ईवरआजोबा?" बायको गेल्यापासून या घरात यायला कुणी परवानगी मागितली नव्हती.

११ सप्टेंबर
ओटकेक भाजले. दोन करपले. नऊ नावं.

२ ऑक्टोबर
नावं संपली. एकूण एकतीस. तिने वही मिटली, विचारलं, झालं का सगळं? "छे! डोंगरामागचं तर राहिलंच," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. डोंगरामागे नुसती दलदल. तिला बापजन्मी कुणी नाव ठेवलेलं नाही.

९ ऑक्टोबर
चार नावं. मेंढ्यांमागे हिंडताना रचलेली. त्यातलं एक क्लाख ना बाउंत्रिख — विधवेचा दगड. कोण विधवा, तिने विचारलं. बुडालेल्या कोळ्याची बायको, रोज तिथे बसून समुद्राकडे बघायची — ठोकून दिलं. पोरीचे डोळे भरले. स्वतःची लाज वाटली. तरी किटली पुन्हा चुलीवर ठेवलीच.

१३ ऑक्टोबर, सोमवार
काल चर्चमध्ये पाद्रीबुवांनी नेमकी नववी आज्ञा घेतली. खोटी साक्ष देऊ नको. सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते असं वाटलं. टॉर्मड दोन बाकं पुढे, मान खाली घालून. त्याला काय धाड भरलीय!

१६ ऑक्टोबर
आणखी पाच. सरावलोय.

२३ ऑक्टोबर
मेलो! प्रत्येक नावाला दोन माणसांची साक्ष लागते म्हणे, तेव्हाच ते नव्या नकाशात जातं. माझ्या यादीला दुसरा साक्षीदार टॉर्मड. ती उद्या जाणार त्याच्याकडे.

बावीस वर्षं तो माझी एक चूक शोधतोय. मी नऊ ताटात वाढून दिल्या. गावभर हसं होईल ते होवो. पण ती यायची थांबेल. नकाशा खोटा झाला याचं वाईट वाटायला हवं. वाटतंही. पण त्याहून हे जास्त वाटतं.

३० ऑक्टोबर
कबूल करायचंच ठरवून बसलो होतो. ती कोट काढता काढताच सांगू लागली — टॉर्मडआजोबांनी सगळीच्या सगळी नावं खरी म्हणून सांगितली. विधवेच्या दगडाचं तर म्हणे त्यांच्या आजीने त्या बाईला पाहिलं होतं. लाल शाल होती तिची.

लाल शाल! कबुली बाजूला ठेवून मी तिच्या कपात चहा ओतला.

का केलं त्याने असं? माझी कीव आली? नको मला त्याची कीव. दिवसभर धुमसत होतो.

६ नोव्हेंबर
आज तिने टॉर्मडची यादी पुढे ठेवली. दुसरा साक्षीदार मी. एकेक वाचत गेली. शेवटची अकरा मी जन्मात ऐकली नव्हती. त्यातली तीन तर माझ्याच कुरणातली!

ती पेन्सिल धरून थांबली होती. त्याच्या घरी ती दर शुक्रवारी जाते. त्याने माझी नावं खरी का ठरवली, मला आत्ता कळलं.

"बरोबर आहेत," मी म्हणालो. "माझा बापही हेच म्हणायचा."

काम पुरं झालं म्हणाली. पुढच्या आठवड्यापासून तिला दुसरं बेट दिलंय. दारात माझा हात दोन्ही हातांत धरला. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा राहिलो. मग आत येऊन दोनातला एक कप धुऊन ठेवून दिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
टेकडी उतरून गेलो. टॉर्मडने दार उघडलं. माझ्या बुटांकडे बघत बाजूला झाला.

"शुक्रवार मला जड जातो," तो म्हणाला. "तू उद्याही ये."