टॉवेल डोक्यावर

प्रिय उल्का,

जपानहून परवा सिंगापूरला, सेंगकांगच्या घरी परतलो. बर्फ भरपूर होता, सुंदर होता, सगळं होतं. पण आधी माझा संताप ऐकून घे, नाहीतर मला पुढचं काही सुचायचं नाही.

नागानोच्या डोंगरातलं ते लहानसं गाव. वर स्कीइंगचे उतार, खाली गल्लोगल्ली गरम पाण्याची कुंडं. सारंग आणि क्षिप्राने किती हौसेनं बेत आखला होता! सूनबाईने माझ्यासाठी लोकरी मोजेसुद्धा आणले. पण पहिल्याच संध्याकाळी ती माझ्या नातीला, ऋग्वेदाला, घेऊन कुंडाकडे निघाली आणि मीही उठले, तर सारंग म्हणतो, "आई, तू खोलीतच आराम कर. तिथे कपडे काढून उतरावं लागतं. बायका बघत राहतील, तुलाच त्रास होईल." नातीनेही लगेच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत री ओढली, "आजी, कॅनॉट ला!" तिला काय कळलं होतं कोण जाणे.

सहा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला, तेव्हा आई वाचली म्हणून हाच मुलगा डॉक्टरांसमोर रडला होता. मग वाचलेल्या आईचं करायचं काय? झाकून ठेवायची? मला एका शब्दाने विचारलं नाही गं!

दुसऱ्या दिवशी तिघं स्कीइंगला गेले आणि मी तडक कुंड गाठलं. बायकांच्या बाजूला चार-पाच जणी होत्या. त्यांचं बघून अंग धुतलं, दिलेला इवलासा टॉवेल छातीशी घट्ट धरला आणि पाण्यात उतरले. तोच एक म्हातारी माझ्यावर खेकसली. वाटलं, सारंगचंच खरं. पण बाई बोट दाखवत होती टॉवेलकडे! तो पाण्यात बुडवायचा नसतो म्हणे. तिने तो माझ्या हातातून ओढला, पिळला, घडी घातली आणि माझ्या डोक्यावर ठेवून दिला. व्रण तिला दिसला असणारच. तिला राग आला होता पाणी खराब केल्याचा. मग सरकून तिने मला जागा दिली. बाहेर बर्फ पडत होता, पाणी चटका बसेल इतकं कढत, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघींत उघडी बसले होते. रडले गं. वाफेत कुणाला कळलं नाही.

जेवताना सारंगला सगळं सांगितलं. म्हणाला, "अगं, मी तुझ्यासाठीच..." म्हटलं, "माझ्या नावावर खपवू नकोस. अवघड तुला वाटत होतं." सकाळी क्षिप्रा आपणहून मला कुंडावर घेऊन गेली.

आता तुझी पाळी. काल निशिकांत भावोजींचा फोन आला होता. तुलाही तेच निघालंय, आणि हे मला त्यांच्याकडून कळावं? वर ऑपरेशनला नाही म्हणतेस, कारण काय, तर "अर्धी बाई होऊन जगायचं नाही"! माझ्या तोंडावर म्हणून दाखव बघू. फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून त्याचा फोटो भावोजींना पाठवतेय. ते तुला वाचून दाखवतील. गुरुवारी मी पुण्यात पोचते. हवं तेवढं भांड माझ्याशी, पण शुक्रवारी आपण दोघी डॉक्टरांकडे जाणार आहोत.

तुझीच, आणि अख्खी,
मधुमती