लुम्पिया आणि जर्मनचा वर्ग

मानांग एस्तेर,

तुझा हात माझ्या कपाळाला लावते. थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आज हवाच आहे.

तब्येत उत्तम. थंडी सोसते. फक्त राग आलाय. शाळेतल्या सिस्टर बेनिग्ना म्हणायच्या, रागात पत्र लिहू नये. आज त्यांनी माफ करावं.

परदेशातून आलेल्यांना गावात सामावून घ्यायला आमच्या नगरपालिकेला सरकारी अनुदान मिळणार होतं. त्यातून बायकांचा जर्मनचा वर्ग चालू ठेवा, असं सांगायला मी नगरपालिकेतल्या फ्राउ ब्रिंकमानकडे गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून सारण भरून, गुंडाळून लुम्पिया तळून नेल्या. तीच घोडचूक. बाईंनी खाल्ल्या, बोटं पुसली आणि अर्जात लिहिलं, ‘खाद्यमहोत्सव’. अनुदान आलं. मंडप ठरला, बँड ठरला, वर्ग बंद झाला.

वर्गातल्या काबूलच्या नाझनीनची भाषेची परीक्षा फेब्रुवारीत आहे. नापास झाली तर तिची रुग्णालयातली नोकरी जाईल.

मी विचारलं, “वर्गाचं काय, बाई?”

“अहो, एकत्र जेवलं की माणसं आपोआप मिसळतात.”

“तीस वर्षं या गावाला खाऊ घालतेय. माझ्या घरी कधी आलात?”

“पदार्थांची यादी तेवढी शुक्रवारपर्यंत द्या हं.”

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? खरं सांग, माझ्यासारखं ‘उत्तम’ लिहू नकोस.

यादी मी आज दिली. पदार्थांच्या रकान्यात वर्गातल्या बाराही बायकांची नावं लिहिली. पहिलं नाझनीनचं.

अजूनही तुझ्याच हातून वेणी घालून घ्यावीशी वाटणारी,
मेडी