पडद्यामागचा डावखुरा

आबा, सिनेमातला गडी डावखुरा नव्हता. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी मी पहिल्यांदा पडद्याच्या समोर बसलो आणि त्याच्या उजव्या हातात तलवार पाहिली, तेव्हा मला वाटलं की मशीनवाल्याने रीळ उलटं लावलं आहे. मी आजूबाजूला पाहिलं. कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. मग हळूहळू ध्यानात आलं, की आपण महारवाड्यातली माणसं नेहमी पडद्याच्या मागे बसायचो. तिथून डावं ते उजवं आणि उजवं ते डावं दिसतं, आणि हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही कालव्यातला गाळ काढून यायचात, पायाची माती पिंडऱ्यांवर वाळलेली असायची. बारामतीच्या बाजारतळावर तंबू लागला की तुम्ही घरी न येता सरळ तिकडे जायचात. कारण पडद्यावर पाणी मारायचं काम तुमच्याकडे होतं. कापड ओलं असलं की मागून चित्र उजळ दिसतं. तुमच्या हातचं पाणी पडद्याला चालत होतं. घरी आल्यावर तुम्ही आईला आणि मला सगळी मारामारी करून दाखवायचात, लाटणं डाव्या हातात घेऊन. आई भाकरी थापता थापता हसते आहे, "समदी दुनियाच डावखुरी व्हय वो?" आणि तुम्ही लाटणं तसंच उगारून म्हणता आहात, "मोठी मानसं तशीच असत्यात. उजव्या हातानं जेवायचं, डाव्यानं लढायचं." मी कितीतरी दिवस डाव्या हाताने काठी फिरवायला शिकत होतो. कधीच नीट जमलं नाही.

आता मी अशाच एका तंबूबरोबर फिरतो. तुम्ही गेलात तशी माझी शाळा इंग्रजी तिसरीत सुटली, पण तेवढ्यावर मालकांनी मला ठेवून घेतलं. पाट्या रंगवतो, तिकिटं फाडतो, आणि इंग्रजी चित्र आलं की भोंग्यावर मराठीत गोष्ट सांगतो. आमच्याकडे मशीन एकच आहे, त्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागतात, आणि पुढचं रीळ चढेपर्यंत मी बोलतो. काय बोलायचं ते आधी पाठ करतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. कायद्याने आता कुणीही कुठेही बसावं, पण पडद्यामागची जागा स्वस्त आहे आणि आपली माणसं अजून न सांगता तिकडेच वळतात.

परवा इंदापुरात अमेरिकेचं एक चित्र लागलं. त्यात एक काळा तरुण गोऱ्यांच्या हॉटेलात कपबशा धुतो. त्याचे हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसाने पांढरे होतात, मग तो नळाखाली धरतो आणि ते पुन्हा काळे दिसतात. असं तीनदा दाखवलं आहे. लोक हसले. मला मात्र वाटलं की ज्याने हे चित्र काढलं त्याला हसू नको होतं. त्या हॉटेलच्या दर्शनी काचेवर काही अक्षरं आहेत. ती कधीच बाहेरून दाखवत नाहीत. दर वेळी त्या तरुणाच्या खांद्यावरून, आतून, म्हणजे उलटी. बघणाऱ्याला त्याच्या बाजूला उभं करायचं आहे, असं मला वाटतं. हे मी कुणाला बोललो नाही. खेळाआधी मालक म्हणाले होते, "काळं-गोरं काय आसंल ते तिकडचं सांग. हितलं काय काढू नगंस. उद्या आपल्याला हितंच तंबू ठोकायचाय, आन् तुला बी पोट हाय."

दुसरं रीळ संपलं, दिवे लागले. मी भोंगा हातात घेतला तोच पुढून एकजण ओरडला, "ओ मास्तर, त्या काचंवर काय लिवलंय? समदं उलटंच दिसतंय."

पडद्यामागून एका म्हातारीचा आवाज आला, "आमाला सुलटं दिसतंय की! पर वाचाय कुनाला येतंय?"

तंबू हसला. पुढचा म्हणाला, "मग जा मास्तर मागं, आन् वाचून या!" पुन्हा हशा झाला. मालक गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. मला काचेवरचं ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पुन्हा येईल तेव्हा नीट बघून सांगतो."

दिवे गेल्यावर मी खरोखरच मागे गेलो. तुमच्यानंतर पहिल्यांदा. माणसं सरकली, पण मी बसलो तेव्हा माझ्या उजवीकडे एकाची जागा मोकळी राहिली, आणि कुणी ती भरली नाही. ओल्या कापडाचा वास येत होता. वाळलेल्या गाळाचाही येत होता. त्या माणसांत कालव्यावरचं कुणी असेल, असं मी मनाशी म्हटलं. मान वळवून बघायचं धाडस झालं नाही. मग काच आली, आणि अक्षरं सरळ झाली. समोरच्यांना न दिसणारी गोष्ट इथे बसलेल्यांच्या पुढ्यात लख्ख मांडून ठेवलेली होती.

मी हळू आवाजात वाचून दाखवलं, "काळ्या माणसांनी आत येऊ नये."

म्हातारीने विचारलं, "मंग त्यो तर आतच हाय की."

"कपबशा धुतोय, आजी."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "म्हंजी धुवायला चालतोय."

माझ्या उजवीकडे कुणीतरी हसलं, आबा. नाकातून, आवाज न करता, तुमच्यासारखं.

पुढचे दिवे लागले तेव्हा मालक भोंग्यापाशी येऊन उभे होते. पाठ केलेलं सगळं गेलं होतं. मी म्हणालो, "मंडळी, काचेवर लिहिलंय, काळ्या माणसांनी आत येऊ नये. हा जो आत आहे, तो कपबशा धुण्यापुरता आत आहे." बाकी एक अक्षर इकडचं काढलं नाही. तरी तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. ज्याने विचारलं होतं तो पायाखालचं गवत उपटत बसला. बाहेरच्या चहावाल्याचं पोर कपबशांची बादली घेऊन आत येत होतं, ते दाराशीच थांबलं.

मालकांनी भोंगा माझ्या हातातून घेतला नाही. फक्त कानाशी म्हणाले, "तिकडचंच सांगितलंस न्हवं?"

"हो."

"मग एवढं गप का झालं समदं?"

मी भोंगा सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागलो. उत्तर त्यांनाही ऐकायचं नसावं. नोकरीचं अजून काही बोललेले नाहीत. उद्या तंबू हलणार आहे, तेव्हा कळेल. खुंट्या उपटायच्या आधी हे लिहून काढतो आहे, आणि घडी करून रंगाच्या डब्याखाली ठेवणार आहे. ते पाठवायचं कुठे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नाही.

एक राहिलं. शेवटी तो तरुण बाहेर येतो, दगड उचलतो आणि ती काच फोडतो. त्याआधीच्या दिव्यात, आता काय होणार ते सांगताना मी भोंग्यावर म्हणालो, "तो डाव्या हाताने दगड उचलतो." दगड सुटला तसे पुढचे दोघे-तिघे ओरडले, "उजवा, मास्तर, उजवा!" चूक राहिली की मला जेवण जात नाही, हे तुम्हाला सांगितलंच आहे. मी दुरुस्त केलं नाही. आणि त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या.