नकाशाबरहुकूम नांगर

११ फेब्रुवारी. दुपार.
रोजनिशीची क्षमा मागतो. एकोणीस दिवसांत एक ओळ नाही. प्रामाणिकपणे नोंदवायचं तर वेळ भरपूर होता; जे लिहिण्यासारखं घडत होतं तेच लिहवत नव्हतं. बोट दोनदा ठोकली. पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोटीला (वारा), दुसऱ्यांदा धक्क्याला (धक्का फार पुढे बांधला होता).

परिणामी काल बैठक. शिडाच्या या बोटीवर आम्ही तिघंच: मी, बायको, तिचा धाकटा भाऊ. ठराव मेव्हण्याचा, अनुमोदन बायकोचं. पुढच्या बंदरात मी बोट सुखरूप आत नेऊन बाहेर काढली तर कप्तान मीच. नाहीतर सुकाणू कायमचं तिच्याकडे. शिडाच्या कोर्सची परीक्षा ती पास आहे. मी बसलो नव्हतो. परीक्षापद्धतीच मला मान्य नाही. वीस वर्षं कॉलेजात इतिहासाचे पेपर तपासतोय, म्हणजे अधिकाराने बोलतो.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. अभ्यास करूनच नांगर टाकायचा.

१३ फेब्रुवारी. सकाळी ८.४०.
नांगर पडला! एकदाही न ओरडता. किल्ल्याच्या बुरुजासमोर, जिथे अडीचशे वर्षांपूर्वी साठ-साठ तोफांची जहाजं उभी राहत, बरोबर तिथे. जुन्या नकाशाची प्रत मी स्वतः काढली आहे. पाणी चार मीटर. आपल्याला दीड पुरतं.

बायको म्हणाली, हे भरतीचं झालं, ओहोटीला किती? आणि बाकीच्या सगळ्या बोटी तिकडे पलीकडे का? मी शांतपणे सांगितलं की त्यांचा इतिहास कच्चा असावा. मेव्हण्याने विचारलं, भाऊजी, ती तोफांची जहाजं आता कुठायत हो? प्रश्न विषयाला सोडून होता.

नव्या नकाशात इथे ‘गाळ’ छापलंय. हल्ली अंगाशी येऊ नये म्हणून सगळीकडेच गाळ छापतात.

११.१५.
छोटी होडी वल्हवत एकटाच शहराकडे निघालो. मूळ नकाशा तिथल्या संग्रहालयात आहे. बायको म्हणाली, ओहोटी लागलीये, आत्ता नको जाऊस. पण तिची शंका पुराव्यानिशी दूर करणं माझं कर्तव्य.

१२.५०. संग्रहालय.
माझी प्रत तंतोतंत! शेजारच्या पाटीवर लिहिलंय की पुढे नदीच्या गाळाने हा भाग भरत गेला आणि जहाजं येईनाशी झाली. पाटी फार खाली लावली आहे. वाकावं लागतं.

१.२०. धक्का.
बोट कलली आहे. थोडी.

१.३०.
थोडी नाही.

होडीने परत जायला पाणीच उरलेलं नाही. चालत निघालो. दुसऱ्या पावलाला गुडघाभर चिखल. पाय परत आला, बूट नाही.

२.३०.
बोट पूर्ण आडवी. बंदरमास्तर शेजारी येऊन उभा राहिला. तिथे कुठे टाकलात हो नांगर, म्हणाला. नकाशा दाखवला. बराच वेळ बघून हसत म्हणाला, सुरेख आहे, फ्रेम करून घ्या. मग त्याने समजावलं: आडवी पडली त्याचं काही नाही. भीती भरती परत येताना. बोट आधी उठली तर निभावलं. पाणी आधी खिडक्यांतून आत शिरलं तर ती उठतच नाही. आत कोण आहे?

बायको आणि तिचा भाऊ, म्हटलं. त्याने हसणं थांबवलं. पाणी आलं की माझी लाँच जवळ नेतो, म्हणाला.

बायकोला फोन केला. म्हणाली, मला माहितेय. ठेव आता, दोन्ही हात हवेत.

३.१०.
बंदरमास्तरच्या दुर्बिणीतून दिसतंय: खालच्या खिडक्यांवर गाद्या ठासून वर फळ्या ठोकतायत. पाण्याचे कॅन वरच्या बाजूला ओढले. मी इथून ओरडून सूचना देतोय. बंदरमास्तर म्हणाला, साहेब, उंटावरून शेळ्या हाकू नका, बाईंना कळतंय.

स्वतःला रोखठोक विचारलं: यात माझी चूक किती? नदीची निम्मी. पाटीची थोडी. उरलेली तपासावी लागेल.

४.५०.
पाणी खालच्या खिडकीला लागलं. लाँच थोडी दूर थांबली आहे, अजून जवळ जाता येत नाही.

५.०५.
खिडकी पाण्याखाली. फोन उचलत नाहीत.

५.१०.
लिहितोय, कारण मला दुसरं काही करता येत नाहीये. चूक माझी आहे. सगळी.

५.२५.
हलली.

५.४०.
उठली! सरळ उभी!

दुरुस्ती: वर ‘सगळी’ लिहिलंय ते घाबरून. खोडत नाही, पण ‘बरीचशी’ असं वाचावं.

६.४५. बोटीवर.
आत दोन बादल्या पाणी, बाकी ठीक. बायकोने चहा केला, मलाही दिला. मेव्हण्याने तोंड उघडलं, तिने नुसतं बघितलं, त्याने मिटलं. मी सुचवलं की बोट ओढायला लाँचचा दोर प्रत्यक्षात लागलाच नाही, तेव्हा काटेकोरपणे पाहता ठराव मोडलेला नाही.

ती म्हणाली, पाणी काचेवर चढत होतं ना, तेव्हा मला तुझा रागसुद्धा आला नाही. एवढंच वाटलं, बरं झालं तू इथे नाहीस. आणखी एकाला सांभाळावं लागलं असतं.

इंजिनाची किल्ली तिला द्यावी म्हणून उठलो. जागेवर नव्हती. तिच्या खिशात होती. सकाळपासून.

बाहेर पडायचं उद्या नऊला, भरतीवर. कामं तिने वाटली. सुकाणू तिच्याकडे, नांगर मेव्हण्याकडे. आणि मी? तिने नीट विचार करून सांगितलं. तिच्याच शब्दांत उतरवून ठेवतो.

उद्या: मी सांगेपर्यंत कशालाही हात न लावणे.