सर्व्हर सर्वांचा

२ मे २०१९
आजपासून रोजनिशी. ही कुणाला दाखवायची नाही. पण उद्या छावणीच्या कॉम्प्युटरचा इतिहास कुणी विपर्यस्त सांगू लागला, तर निदान मला तरी खरं काय ते माहीत असावं.

आमच्या दूध संस्थेच्या चारा छावणीत आज मी डेटाबेस सर्व्हर बसवला. तोही लिनक्सवर. विंडोज काय, कुणीही बसवतो. कागदोपत्री मी संस्थेचा हंगामी लिपिक आहे. मनात सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, आणि मनावर संचालक मंडळाची सत्ता चालत नाही. छावणीतल्या प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मी एकट्याने मशीनमध्ये चढवला. नंबर टाकला की पावती निघणार, पावती दाखवली की उसाची मोळी मिळणार. हाताने लिहायची जुनी वही चेअरमनसाहेबांच्या कपाटात कुलपात टाकायला मीच लावली. प्रगती करायची तर परतीचा रस्ता ठेवायचा नसतो.

पहिली पावती छबुमावशीच्या गायीची काढली. मावशी आमच्याच गल्लीतली, घरात एकटी. ती आणि गाय, एवढाच संसार. गाय गाभण आहे, महिन्याभरात विईल. मावशी पावती उलटसुलट करून म्हणाली, बाबा, कागद लई झ्याक निघाला, पण ती कागद खात न्हाई. मी हसून सोडून दिलं. मोठ्या बदलाच्या वेळी जनता असंच बोलते.

बॅकअप घ्यायचा संकल्प केला. संकल्प केला म्हणजे अर्धं काम झालंच.

३ मे
सर्व्हरचं उद्घाटन. चेअरमन सुंदरराव यांच्या हस्ते सीपीयूला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. नारळ टेबलाच्या कोपऱ्यावर फोडायचा त्यांचा विचार होता, मी कीबोर्ड ऐनवेळी ओढला. भाषणात साहेब म्हणाले, हा सर्व्हर कुण्या एकाचा न्हाई, सगळ्या सभासदांचा हाय. टाळ्या.

टाळ्या थांबल्या तसे बबनराव संचालक खुर्चीवरून उठले. त्यांचं चेअरमनांशी जुनं वैर. म्हणाले, सगळ्यांचा हाय तर मला त्यात हात घालायचा अधिकार कावून न्हाई? मग उरलेल्या संचालकांनाही आपापले अधिकार आठवले. आता लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डरला सांगावं लागतं, मालकाला काय करू द्यायचं, गटाला काय आणि बाहेरच्या जगाला काय. मी हे शांतपणे समजावत होतो, तर 'गट' म्हटल्याबरोबर बबनरावांनी विचारलं, कुणाचा गट?

प्रकरण हातघाईवर येणार, असं दिसलं. मी एकच आज्ञा टाईप केली आणि डेटाचं सगळं फोल्डर सातशे सत्त्याहत्तर करून टाकलं. म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं, जगालाही सगळं. सर्व्हर चालूच होता, तो चालूच राहिला. सगळे खूश होऊन पेढे खायला गेले. इतक्या वर्षांत या मंडळाचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते माझ्यामुळे.

४ मे, सकाळ
वीज गेली. वीज आली. सर्व्हर आला नाही.

स्क्रीनवर इंग्रजी मजकूर. सुरुवातीलाच 'फेटल'. असल्या भाषेत बोलणाऱ्याचं पुढचं मी वाचत नाही. निदान : विजेचा झटका. तासाभरात करतो.

४ मे, दुपार
झालं नाही, पण निदान पक्कं होतंय.

बाहेर रांग. चेअरमनसाहेबांनी जाहीर केलं, पावती न्हाई तर मोळी न्हाई, नेम म्हंजे नेम. माणुसकी म्हणून सध्या अर्धी मोळी द्या. मी घाबरत त्यांच्याकडे गेलो, वाटलं झाडतील. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाले, सावकाश कर उत्तरेश्वर, गडबड न्हाई. उरलेल्या अर्ध्या मोळ्यांचा ट्रॅक्टर ते जातीने कुठेतरी लावून येतात. एवढा व्याप असूनही माणूस शांत. असा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं.

५ मे
निदान बदललं : धूळ. सीपीयू उघडून फुंकर मारली. हळदकुंकू निघालं, धूळ कमी. बायको म्हणाली, लग्नघरातून आल्यासारखे दिसताय. तिला यातलं काही कळत नाही, त्यामुळे चर्चा केली नाही.

केजच्या जमीलला फोन केला. शाळेत एका बाकावर होतो, आता त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मदत मागायला नाही, त्याचं मत तपासायला केला. मी विजेची, मग धुळीची थिअरी सविस्तर सांगितली. तो मध्येच म्हणाला, ते ऱ्हाऊ दे, स्क्रीनवर काय लिवलंय ते वाच. मी म्हणालो, ते महत्त्वाचं नाही. तो म्हणाला, बे, वाच तर खरं. मी फोन ठेवला. दुकानदारी करणाऱ्यांना मूलभूत विचार झेपत नाही.

उद्या सकाळी पहिल्या चहाच्या आत सर्व्हर चालू. लिहून ठेवतो.

६ मे
चार चहा झाले.

आज निर्णायक पाऊल उचललं. लिनक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. तिथला चेअरमनच म्हणा. रूट होऊन मी सर्व्हरला ऊठ म्हणालो. तर तो म्हणतो, रूटने मला चालवायचं नाही. म्हणजे ज्याच्या हातात सगळी सत्ता, त्यानेच हात लावायचा नाही. असला कारभार आपल्या जिल्ह्यात कोणत्याही संस्थेत ऐकलेला नाही. परदेशी लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर, त्यांना सहकार काय माहीत.

संध्याकाळी छबुमावशी खिडकीशी आली. म्हणाली, झालं का रे बाबा तुजं? अर्ध्या मोळीत गायीचं भागंना. एकटी असती तर काडलं असतं, पोटात आनिक एक हाय. मी तिला सर्व्हरचं पोर्ट म्हणजे काय ते समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती वही काडली तर न्हाई का व्हायचं?

वही काढायची म्हणजे साहेबांपुढे जाऊन सर्व्हर माझ्याच्याने उठत नाही म्हणायचं. उद्घाटनाचे फोटो तर सगळ्या तालुक्याच्या मोबाईलवर गेलेत. मी मावशीला म्हणालो, उद्या नक्की. ती म्हणाली, बरं बाबा.

७ मे
व्यायाम सुरू करायचा, चहा कमी करायचा, इंग्रजी सुधारायचं.

टेबल पूर्वेकडे तोंड करून ठेवलं. वास्तूवर माझा विश्वास नाही, पण वायरी मोकळ्या होतात. प्रिंटर काढून परत जोडला. आता प्रिंटरही चालत नाही. म्हणजे दोष एकट्या सर्व्हरचा नाही, हे सिद्ध झालं. समाधान वाटलं.

८ मे
बबनराव छावणीभर सांगत फिरतायत की चेअरमनच्या माणसांनी सर्व्हर पाडला. चेअरमनसाहेबांची माणसं म्हणतात, बबनरावांनी. माझं नाव कुठेच नाही. तांत्रिक माणसाची उपेक्षा ती हीच.

सगळं पुसून पुन्हा बसवावं, असा विचार आला. पण पुसलं तर जनावरांचे नंबर जातील. बॅकअपचा संकल्प पहिल्या दिवशीच केला होता, याची नोंद वर आहेच.

मावशी आज दोनदा आली. खिडकीशी उभी राहून मशीनकडे बघत राहिली, दवाखान्यात पेशंटची माणसं बघतात तशी. मी उगाच खटाखट टायपिंग केलं. टाईप काय केलं, ते लिहीत नाही.

१० मे
दावणीकडून जाताना मावशीची गाय दिसली. बरगड्या वर आल्यात. मी रस्ता बदलला. भावना मध्ये आल्या की निदान चुकतं.

साहेबांना म्हणालो, आणखी थोडा वेळ लागेल. ते म्हणाले, लागू दे की. खरं तर हे मला जरा खटकलं. रांगेतली माणसं शिव्या देतात आणि साहेबांच्या कपाळावर आठी नाही. पण मोठ्या माणसांचा संयम आपल्याला कळत नाही.

१२ मे
मावशी आज आली नाही. शांतपणे काम करता येईल म्हणून बरं वाटलं. मग बरं वाटेना.

जमीलला फोन केला. तो म्हणाला, थिअरी सांगितली तर फोन ठेवीन. आता तूच वाचायचं, मी ऐकनार. नाइलाजाने 'फेटल'च्या पुढचं वाचलं. आठवडाभरात पहिल्यांदा. त्यात साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की डेटाच्या फोल्डरमध्ये गटाला किंवा बाहेरच्या जगाला शिरकाव आहे, तो फक्त मालकाला हवा, म्हणून मी सुरू होणार नाही. कोणता आकडा टाकायचा, तेही खाली दिलं होतं. सातशे.

फोल्डरवर आत्ता कोणता आकडा आहे, तेही जमीलने वाचायला लावलं. मग म्हणाला, सातशे सत्त्याहत्तर कुनी केलं बे? मी म्हणालो, तो मंडळाचा सामुदायिक निर्णय होता.

एक ओळ टाईप केली. सर्व्हर उठला. सगळे नंबर जागच्या जागी. शेवटी निदान माझंच, मोठ्याने वाचलं मीच. तिसऱ्या तारखेपर्यंत कसा चालला आणि चौथीला का अडला, तेही कळलं. चालू असताना तो बघत नाही, उठताना मात्र दार कुणाकुणाला उघडं आहे ते आधी तपासतो. आमच्या संस्थेत तेही कुणी तपासत नाही.

संचालकांचे अधिकार काढून घेतले, त्यांना सांगितलं नाही. प्रत्येकाच्या मोबाईलवर 'सर्व्हर' नावाचं एक बटण बसवून दिलं. दाबलं की त्या त्या संचालकाचा उद्घाटनातला फोटो उघडतो. बबनराव सारखे दाबतायत. म्हणाले, आता कारभार पारदर्शक झाला.

१३ मे, सकाळ
पहिली पावती छबुमावशीचीच काढली आणि हातात घेऊन दावणीवर गेलो. पूर्ण मोळी, वर पेंड. मावशी खाली बसून खुट्टा उपटत होती. गाय नव्हती.

काल नेकनूरच्या बाजारात विकली. म्हणाली, गाभन म्हनून दोघं-तिघं आलते, हाडं बगून मागं सरले. मग एका यापाऱ्यानं नेली. कुटं नेली, म्या न्हाई इचारलं.

मी पावती खिशात घातली. एक दिवस थांबली असतीस तर, असं तोंडात आलं होतं, ते बोललो नाही. तिनेच विचारलं, मशीन चालू झालं का रे? मी हो म्हणालो. ती म्हणाली, बरं झालं बाबा, लई राबलास, तोंड बग कसं उतरलंय तुजं.

लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

१३ मे, दुपार
मावशीच्या गायीचा नंबर कमी करायला बसलो. निदान नोंद तरी खरी असावी. साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, तो कावून पुसतो? मी म्हणालो, गाय विकली. ते म्हणाले, गाय गेली, नंबर हाय न्हवं? ऱ्हाऊ दे. असे आनिक कोन कोन गेलेत त्यांची बी पावती रोज काड. मोळी-पेंडीचं मी बगतो. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, पुढच्या मीटिंगला तुला कायम करतो. सर्व्हर तेवडा पडू देऊ नको.

आठ दिवस ते इतके शांत का होते, ते आता कळलं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. 'हो साहेब' म्हणालो.

१४ मे
सर्व्हर उत्तम. वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा आपोआप उठला. छबुमावशीच्या गायीची पूर्ण मोळी आणि पेंडीची पावती पहिल्या झटक्यात निघाली. गाय इथे होती, तेव्हा शेवटचे आठ दिवस तिला अर्धीच मोळी मिळत होती.

संध्याकाळी आमच्या गल्लीतून न जाता मागच्या लांबच्या रस्त्याने घरी गेलो. चालणं तब्येतीला चांगलं असतं. रोज असंच जावं म्हणतो.