झाकणाच्या आत लिहिलेलं

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा अजिंक्यची लाल स्पोर्ट्स कार मांजरसुंब्याच्या पंपावर नेली. तो कॅनडाला गेल्यापासून ती चालती ठेवणं माझ्याकडे आहे. पंपावरची सुनीता हसली, "मावशी, गाडी लई भारी हाय, पण निस्ती पंपापर्यंतच येती व्हय? साधं टाकू का प्रीमियम?"

"थांब, मुलाला विचारते."

टाकीच्या झाकणाच्या आत इंग्रजीत स्पष्ट लिहिलं आहे, फक्त प्रीमियम. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी मी विसरलेले नाही. तरी पंपाबाहेर जाऊन फोन लावलाच.

"आई, किती वेळा सांगू? झाकणाच्या आत वाच. साध्यानं इंजिन ठोकायला लागतं." मग नेहमीसारखं गुडघ्यांचं विचारलं. जेवलीस का, तेही. शेवटी म्हणाला, "गाडी विकूनच टाकू. तुला उगाच त्रास."

मी बरं म्हणाले. का म्हणाले?

घरी येऊन झाकणाच्या आतली अक्षरं उगाच फडक्यानं पुसली. गाडी गेली की रविवारी काय विचारू त्याला?

काहीच नाही विचारणार. नुसताच फोन करीन.